पारपत्र आणि गिरमिट

मार्च महिन्यात मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की आपल्या पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतून एक नवा खटाटोप सुरू होतो. पूर्वी ह्या दिवसांत कोकणच्या गाडीचे आरक्षण आणि गच्चीवरच्या कुरडया एवढीच धांदल असे. आता त्यांच्या जोडीला परदेशच्या सहलीची फाईल आली आहे. ह्या फाईलमध्ये काय काय असते ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेच. परतल्यानंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक राहील असे पारपत्र बहुतेक देश मागतात. युरोपातले शेंगेन करारातले देश तीन महिन्यांवर भागवतात, पण पुस्तिका दहा वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिची दोन पाने कोरी असावीत असा त्यांचा आग्रह असतो. शिवाय ठरावीक मापाचे फोटो, बँकेचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, प्राप्तिकराची विवरणपत्रे, मालकाचे रजेचे पत्र, जाण्यायेण्याचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. एवढे सगळे घेऊन गेल्यावर काचेवर दहाही बोटे टेकवायची आणि नव्वद युरो भरायचे. व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत.

हे सारे करताना सुखवस्तू गृहस्थ वैतागतो. "आम्ही काय गुन्हेगार आहोत? आम्ही पैसे खर्च करायला चाललो आहोत," असे तो म्हणतो. त्याचा संताप मला समजतो. परंतु ह्या कागदांचा इतिहास मी जेव्हा वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कारखान्याच्या फाटकावरच्या सभा आणि वाचनालयातले बाकडे एवढेच माझे विद्यापीठ. तरी जे दिसले ते असे, की आज सहलीला निघालेल्या गृहस्थाकडे जे जे मागितले जाते, त्यातले बहुतेक सारे आधी मजुराकडे, खलाशाकडे आणि गरीब यात्रेकरूकडे मागितले गेले होते. फोटो, बोटांचे ठसे, हातातली रोकड, परतीचे तिकीट, 'हा परत येईल ना?' हा संशय, ह्या सगळ्यांचा पहिला प्रयोग कष्टकऱ्यावर झाला. सभ्य गृहस्थाची पाळी फार उशिरा आली.

परवाना ही कल्पना आपल्याला नवी नाही. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून जहाज हाकू देत नसत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालू केले. पण हे परवाने गलबताचे आणि मालाचे होते. गलबतात बसलेल्या माणसाचा चेहरा कोणी ताडून पाहत नसे.

आपल्या गावचे उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. त्यांना अडविणारे पुष्कळ होते, पण ते सगळे इथले होते. समुद्र ओलांडला तर धर्म बुडेल, वाळीत टाकू, असे म्हणणारे ते स्वकीय. परवानगी लागली ती नवऱ्याची आणि समाजाची. सरकारच्या कागदाचे कारण नव्हते. अमेरिकेत परक्या प्रवाशाला पारपत्राची सक्तीच नव्हती. परंतु त्याच अमेरिकेने एकच वर्ष आधी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली होती आणि जो सरकारच्या गळ्यात पडेल अशा कंगालालाही मनाई केली होती. पुढे १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावर तपासणीचे ठाणे झाले, तेव्हाची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरकत असे. खालच्या वर्गाच्या उतारूंना मात्र बेटावर नेऊन रांगेत उभे करीत. समुद्र एक, बोट एक, प्रश्न निराळे.

आता आनंदीबाईंच्या आधीच्या पन्नास वर्षांकडे वळू. १८३३ मध्ये इंग्रजांनी आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून हिंदी मजूर करारावर मॉरिशसला जाऊ लागले. 'ॲग्रीमेंट'चे त्यांनी 'गिरमिट' केले. मुंबई बंदरातूनही ही माणसे गेली आणि त्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसे होती. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, ती काही सहलीला गेलेल्या लोकांनी नेलेली नव्हे. शतकभराच्या आत तिकडे गेलेल्या हिंदी मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते.

१८३७ च्या कायद्याने असे ठरविले, की जाणारा मजूर आणि त्याला नेणारा दलाल ह्यांनी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे आणि कराराच्या अटी लिहून द्याव्यात. हेतू वरकरणी चांगला होता. मजूर फसला जाऊ नये, हा. परंतु मळ्यावर पोहोचल्यावर कागदाचा अर्थ उलटा झाला. कराराची मुदत संपलेल्या जुन्या मजुरालाही मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने एक चिठी जवळ बाळगावी लागे आणि त्या चिठीवर त्याचा फोटो असे. चिठी नसली की भटक्या म्हणून धरपकड. हे फोटो आजही मॉरिशसच्या दफ्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. इंग्रज साहेबाच्या पारपत्रावर फोटो लावण्याची सक्ती झाली ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. म्हणजे ऊसतोड्याचा चेहरा सरकारदरबारी चिकटला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक साहेबाचा चेहरा मोकळा होता. वाटेत पोलिसाने 'कागद दाखव' म्हटले की थांबायचे, ही सवय जगाला लागली ती मजुरापासून.

बोटांच्या ठशांची गोष्ट अशीच. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल प्रांताने १९०७ मध्ये कायदा करून तिथल्या आशियाई रहिवाशांनी नोंदणी करावी आणि ठसे द्यावेत असे फर्मावले. गांधीजींचा सत्याग्रह ह्यातूनच उभा राहिला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले. त्या कढईभोवती उभे असलेले लोक फेरीवाले होते, छोटे दुकानदार होते, मजूर होते. ठसे घेतात ते चोराचे, अशी त्यांची भावना होती. आज आपण वातानुकूलित खोलीत काचेवर बोटे ठेवतो आणि यंत्राने नीट उमटली नाहीत म्हणून पुन्हा ठेवतो. रोज फाईल-कानस चालविणाऱ्या माणसाचे ठसे पुष्कळदा उमटतच नाहीत, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

ह्या गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात जो माणूस उभा राहिला तो आपल्या पुण्याचा. नामदार गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळला करारी मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव आणला आणि तो सरकारने मान्य केला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पद्धतच सर्वस्वी रद्द करण्याचा ठराव मांडला. तो बहुमताने फेटाळला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि सारे डोळ्यांनी पाहून आले. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली. ते पाहायला गोखले हयात नव्हते. त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९२२ च्या उत्प्रवास कायद्याने ठरविले, की अकुशल मजुराने सरकार नेमून देईल त्या देशांखेरीज कुठेही कामाला जाणे बेकायदा. फसवणूक थांबवायला निघालेल्या सरकारने जाण्याचा दरवाजाच बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात घातली. वकील जाऊ शकत होता, व्यापारी जाऊ शकत होता, विद्यार्थी जाऊ शकत होता. हा कायदा १९८३ पर्यंत चालला.

हातातल्या पैशांचा पुरावा कुठून आला तेही पाहू. कॅनडाने १९०८ मध्ये हुकूम काढला, की आपल्या देशातून निघून मध्ये कुठेही बोट न बदलता, एकाच तिकिटावर जो येईल त्यालाच उतरू देऊ. आणि आशियाई माणसाजवळ दोनशे डॉलर हवेत. त्या काळी हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट नव्हती, हे हुकूम काढणाऱ्यांना चांगले माहीत होते. हिंदी लोकांचे नाव न घेता त्यांना अडविण्याची ही युक्ती. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' ही भाड्याने घेतलेली बोट ३७६ उतारू घेऊन २३ मे रोजी व्हँकुव्हरला लागली. बहुतेक पंजाबातले शीख शेतकरी आणि जुने शिपाई. मूठभरांना उतरू दिले; बाकीच्यांना दोन महिने बंदरात अडकवून २३ जुलैला परत लोटले. परतल्यावर काय? कलकत्त्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून बाहेरून परत येणाऱ्या माणसाच्या हालचालींवर बंधन घालण्याचा अधिकार घेतला होता. म्हणजे तिकडे उतरायला कागद नाही आणि स्वतःच्या मुलखात परतायलाही मोकळीक नाही.

परतीच्या तिकिटाचेही तसेच. मुंबईहून हजला जाणारे गरीब यात्रेकरू परतीच्या भाड्यावाचून जेद्दाला अडकत, त्यांना सरकारी खर्चाने आणावे लागे. म्हणून १९२० नंतरच्या दशकात कायदा झाला, की परतीचे तिकीट किंवा तेवढी ठेव असल्याखेरीज बोटीत चढता येणार नाही. ह्याच सुमारास, १९२५ मध्ये, ब्रिटनने आपल्या बंदरांतल्या काळ्यासावळ्या खलाशांना परके म्हणून नोंद करण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद नसेल तर परका. आमच्या कोकणातले किती खलाशी तोवर इंग्रजांच्या बोटींची भट्टी फोडण्यात म्हातारे झाले होते! त्यांच्या नोकरीच्या वहीत बोटींची नावे होती, सह्या होत्या, 'वर्तणूक चांगली' असे शेरे होते. तो कागद प्रजाजनत्वाला पुरेसा धरला जात नसे.

महायुद्धात मात्र हा फास वरच्या वर्गापर्यंत आला, आणि पुण्याला त्याची ओळख झाली ती खुद्द लोकमान्यांमुळे. युद्धाच्या निमित्ताने देशाबाहेर जायला पारपत्र सक्तीचे झाले होते. होमरूल लीगचे शिष्टमंडळ इंग्लंडच्या लोकांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडणार असे ठरले. मार्च १९१८ च्या अखेरीस टिळक निघाले. बरोबर नरसोपंत केळकर, दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल ही मंडळी. पारपत्रे हातात होती. कोलंबोला पोहोचले आणि कळले, की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने ती रद्द केली आहेत. मंडालेच्या तुरुंगाने जो माणूस वाकला नाही त्याला कोलंबोच्या धक्क्यावरून एका कागदाने माघारी पाठविले. मला ही घटना फार बोलकी वाटते. तुरुंगात टाकायला निदान खटला लागतो, न्यायाधीश लागतो, ज्युरी लागते. पारपत्र रद्द करायला तेव्हा काहीच लागत नव्हते. कारणही सांगावे लागत नव्हते.

पुढे चिरोलसाहेबावर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी टिळकांना पारपत्र मिळाले. पण अशी अट घालून, की राजकारणात भाग घ्यायचा नाही. २४ सप्टेंबर १९१८ रोजी ते मुंबईहून निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. ती अट नंतर उठली. दावा मात्र फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले. दरम्यान काँग्रेसने त्यांना पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले होते. लंडनहून पॅरिस किती लांब? एका दिवसाचा रस्ता. पारपत्र मिळाले नाही. मग टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो ह्यांना पत्र धाडले. ज्या गावी माणूस जाऊ शकत नव्हता तिथे टपाल गेले.

युद्ध संपले, पण पारपत्र संपले नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने पॅरिसला परिषद भरली. तिने बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला आणि ही अडचण तात्पुरती असून लौकरच दूर व्हावी अशी इच्छाही व्यक्त केली! तात्पुरत्या गोष्टी सरकारी दप्तरात किती टिकतात ते पाहा: हिंदुस्थानात प्रवेशासाठी पारपत्राची सक्ती करणारा आपला कायदाही १९२० चाच, आणि तो १ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या कायद्याने रद्द होईपर्यंत, एकशेपाच वर्षे, चालू होता.

स्वराज्य आल्यावर हे बदलायला हवे होते. ते लगेच बदलले नाही. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून हिंदी माणसाला ब्रिटनमध्ये मोकळेपणाने जाता येई. परंतु १९५० नंतरच्या दशकात आपलेच सरकार अशिक्षित, गरीब अर्जदाराला पारपत्र देताना हात आखडता घेत होते. तो तिकडे जाऊन आपली शोभा करील, ही भीती. १९६२ मध्ये ब्रिटनने कामाच्या परवान्याची अट घातली आणि १९८६ मध्ये आपल्या साध्या पाहुण्यालाही आधी व्हिसा घ्यायला लावले. इकडे परकीय चलनाची टंचाई होती. साठीच्या दशकात निघणाऱ्याच्या खिशात आठ डॉलर असत, ही हकीकत आपल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकली असेल. आज एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. अर्थात ज्याच्याकडे आहेत त्याला.

१९६७ पर्यंत पारपत्र हा सरकारचा अनुग्रह मानला जाई. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारने त्याची पारपत्रे परत करायला सांगितले, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायदा न करता सरकारला मनाला येईल त्याला द्यावे, मनाला येईल त्याला नाकारावे असे करता येणार नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पारपत्र कायदा झाला. दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधींचे पारपत्र 'सार्वजनिक हितासाठी' जप्त झाले आणि कारण सांगायला सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालाने असे ठरले, की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून असे करणे न्याय्य नव्हे. कामगारांच्या चौकशीत, निलंबनात, बडतर्फीत आम्ही ज्या निकालाचा आधार अजून घेतो तो हाच. कोलंबोच्या धक्क्यावर टिळकांना जे मिळाले नाही ते साठ वर्षांनी कायद्यात आले.

आता आजचे सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत मी वर्षाकाठी बरेच पारपत्राचे अर्ज भरून देतो. आमच्या पिढीच्या निम्म्या कामगारांची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीसाठी तीच लिहिली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी, शाळेच्या दाखल्यात तिसरी. बायकोचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्या. हे जुळवता जुळवता दोन-दोन वर्षे जातात. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच हवा ही अट २०१६ च्या अखेरीस सैल झाली, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले.

असाच एक निवृत्त फिटर, पोराने युरोपात बोलावले म्हणून निघाला. सुनेचे बाळंतपण होते. बायकोला घेऊन दोन महिने राहून यायचे. पारपत्र झाले. पोराने हमीपत्र पाठविले, तिकीट काढून दिले. व्हिसा नाकारला गेला. कारण छापील होते: हा मनुष्य मुदतीत परत जाईल अशी खात्री पटत नाही. त्याला मराठीत अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पस्तीस वर्षं पाळीला गेलो, पाळी सुटली की घरी आलो. एक दिवस चुकलो नाही. आता म्हातारपणी मी पळून जाणार होय?" मी त्याला दुसरा अर्ज करून दिला. पेन्शन तुटपुंजी, म्हणून गावाकडच्या दीड एकराचा सात-बारा इंग्रजीत करून जोडला. त्या वेळी मिळाला. नातू तोवर तीन महिन्यांचा झाला होता.

आणि आपल्या स्वतःच्या सरकारच्या पुस्तिकेतही दोन प्रकारचे नागरिक आहेत, हे सहलीला जाणाऱ्यांच्या सहसा कानावर नसते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रात, काही अपवाद सोडता, 'ईसीआर' अशी अक्षरे येतात. त्याला आखात आणि आणखी काही देशांत कामाला जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' ह्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. पदाचे नाव गिरमिटाच्या काळचे आहे. जो दहावी झाला, जो प्राप्तिकर भरतो, त्याच्या पुस्तिकेत काहीच नाही. ह्या परवानगीने काही माणसे खोट्या दलालांपासून वाचली आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. रायगड-रत्नागिरीतली फसलेली पोरे मी पाहिली आहेत आणि संरक्षण नको असे मी म्हणणार नाही. परंतु जानेवारी २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले, की ह्या लोकांच्या पारपत्राचे वेष्टन नारिंगी करू. म्हणजे विमानतळावर दुरूनच कळावे, की हा अशिक्षित. देशभर गलका झाला आणि तीन आठवड्यांच्या आत तो बेत मागे घेतला गेला. निळ्या वेष्टनाच्या त्या पुस्तिका नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापल्या जातात. तिथल्या कामगाराच्या हाताखालून दोन्ही प्रकारच्या नागरिकांची पुस्तिका सारखीच जाते.

दहावीचा दाखला दिला की ती अक्षरे काढून नवी पुस्तिका मिळते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही कंत्राटी पोरांकडून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतो आणि पाळी सुटल्यावर कचेरीत वर्ग भरवतो. गेल्या खेपेला पाच जण बसले होते. चौघे सुटले, एकाचे गणित राहिले आहे. तो जुलैत पुन्हा बसतो आहे.